पोरगा शिकायला गेल्यावर ॲप कोण भरणार?

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात 2009 पासून आशा म्हणून काम करते. वय 46, शिक्षण आठवी पास. गावासोबत एक कोलाम पोड, म्हणजे कोलाम आदिवासींची वस्तीही माझ्याकडे आहे, तिथं रेंज नसते. बाळंतिणीला घेऊन रात्री-बेरात्री दवाखान्यात जायला मी कधी मागंपुढं पाहिलं नाही, पण मोबाइल हाती आला की माझे हातपाय गळतात. अक्षरं बारीक दिसतात, एक बटण दाबलं की भलतंच उघडते. दिवसभर मी वहीत लिहून आणते आणि रात्री माझा मुलगा सगळं ॲपमध्ये भरतो. लॉगिनला नंबरही त्याचाच दिला आहे, पासवर्ड त्यालाच माहीत. आता तो जूनमध्ये नागपूरला शिकायला जाणार. मागच्या मीटिंगमध्ये आम्हा आशांच्या कामावर देखरेख ठेवणाऱ्या गटप्रवर्तक मॅडम सगळ्यांसमोर बोलल्या की तुमच्याच नोंदी मागे आहेत, तुमच्यामुळं आपल्या पीएचसीचा (प्राथमिक आरोग्य केंद्राचा) नंबर खाली जातो. त्या दिवसापासून जेवण गोड लागत नाही. काही जणी म्हणतात एमएस-सीआयटी कर. घरचे म्हणतात सोडून दे. मी काय करू?
– एक आशाताई, जि. यवतमाळ

ताई, राजीनामा लिहू नका. ॲप जमत नाही या कारणासाठी तर मुळीच नाही. गावातली कोणती सून कितव्या महिन्यात आहे, कुणाचं लेकरू अंगावर नीट पीत नाही, कुणाच्या घरातला खोकला हटायचं नाव घेत नाही, हे तुम्हाला चावडीवरून घरापर्यंत येता येता कळतं. ती ओळख कमवायला तुम्हाला वर्षं लागली. नवीन आशा नेमली तर तिला ॲप पहिल्या दिवशी येईल, पण पोडावरची बाई तिच्याशी बोलायला कधी लागेल ते कुणालाच सांगता येणार नाही.

तुमच्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. काही अडचणी तुम्ही शिकलात की सुटतील. काही तुम्ही कितीही शिकलात तरी सुटणार नाहीत, कारण त्या रेंजच्या, सर्व्हरच्या, ओटीपीच्या आणि वरून येणाऱ्या आदेशांच्या आहेत. मीटिंगमध्ये दोन्हींचं खापर तुमच्याच डोक्यावर फुटलं आणि तुम्ही ते निमूट घेतलं. म्हणून आधी हा गुंता सोडवू.

सुरुवात डोळ्यांपासून करा. ‘अक्षरं बारीक दिसतात’ हे तुम्ही जाता जाता लिहिलं आहे, पण मला ते फार महत्त्वाचं वाटतं. चाळिशी उलटली की जवळचं धूसर दिसणं हे वयाप्रमाणं होणारच. बारीक अक्षर दिसलं नाही की बोट चुकीच्या जागी पडतं, भलतंच पान उघडतं, आणि बाई समजते की आपल्याला अक्कल नाही. गावागावांत मोतीबिंदूचे पेशंट शोधून शिबिराला नेणाऱ्या आशांनी स्वतःचे डोळे मात्र तपासलेले नसतात. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकाऱ्यांकडे जाऊन नंबर काढून घ्या आणि चष्मा करा. तोवर मोबाइलच्या सेटिंग्जमध्ये डिस्प्ले उघडून अक्षराचा आकार वाढवा. एकदम सगळ्यात मोठा करू नका, काही ॲपमध्ये मग खालचं ‘जतन करा’चं बटण पडद्याबाहेर जातं. एकेक पायरी वाढवत पाहा.

आता मुलाबद्दल. पोरगा गुणी आहे, रात्री बसून आईचं काम करतो, त्याला बोल लावायचा नाही. तरीही जूनची वाट न पाहता हे थांबवा, असं मी आग्रहानं सांगेन. तो नागपूरला जाणार नसता, तरी हेच सांगितलं असतं.

तुमच्या वहीत काय काय असतं ते आठवा. कुणाला पाळी चुकून अडीच महिने झाले आणि घरी माहीत नाही. कुणाचं टीबीचं औषध सुरू आहे. कुणाची सिकलसेलची, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी झाली आणि निकाल काय आला. आपल्या विदर्भात सिकलसेलचं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. जुलै 2023 मध्ये सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं, 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं. ते हवंच होतं. पण तपासणीसोबत प्रत्येकाच्या नावापुढं एक निकाल लिहिला जातो. वाहक असलेली मुलगी आजारी नसते, संसार करू शकते; नवराही वाहक असेल तर मात्र लेकराला आजार होण्याची शक्यता असते, म्हणून लग्नाआधी दोघांची तपासणी करायची. हे तुम्हाला कळतं. गावात मात्र ‘वाहक’ एवढाच शब्द फुटतो आणि जमलेली सोयरीक मोडते. त्या मुलीचा भाऊ कदाचित तुमच्या मुलाच्याच वर्गात असेल.

मुलगा बाहेर बोलेल असं मी म्हणत नाही. पण त्या पोरीनं तुमच्यावर विश्वास टाकून सांगितलं होतं, तुमच्या घरावर नाही. एचआयव्हीची माहिती त्या माणसाच्या संमतीशिवाय उघड करायला 2017 च्या कायद्यानं मनाई आहे आणि मोबाइल-संगणकावरच्या खासगी माहितीसाठी 2023 मध्ये वेगळा कायदा झाला आहे. कायदा नसता तरी ही गोष्ट तुम्हाला पटली असती, एवढं मी तुमच्या पत्रावरून ओळखते.

दुसरं कारण कामाचं आहे. तीस वर्षांवरच्या माणसांचा सीबॅक फॉर्म घ्या, म्हणजे बीपी, शुगर, कॅन्सर अशा आजारांचा धोका कुणाला आहे ते ओळखायची प्रश्नावली. त्यात तंबाखूचा प्रश्न आहे. तुम्ही ‘तंबाखू खाता का?’ असं विचारलं तर गडी बिनदिक्कत ‘नाही’ म्हणतो, कारण तो खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण खातो आणि खर्ऱ्याला तो तंबाखू समजतच नाही. तुम्ही त्याच्या गालाकडे पाहता, खिशातली पन्नी पाहता आणि विचारता, ‘दिवसातून खर्रे किती होतात?’ तेव्हा खरं उत्तर येतं. फॉर्मची गुणसंख्या चारच्या वर गेली तर त्या माणसाला तपासणीसाठी आधी पाठवायचं असतं. तुम्ही घाईत वहीत नुसतं ‘त. नाही’ लिहून आणलं, किंवा मुलानं रात्री झोपेच्या डोळ्यांनी एक खूण चुकवली, तर तोंड उघडायला त्रास होत असलेला माणूस यादीत मागे राहतो. समोर माणूस बसलेला असताना, तुमच्याच बोटानं झालेली नोंद आणि रात्रीची नोंद यांत एवढा फरक पडतो.

आठवी पास बाईच्या नोंदीला कोण विचारतं, असं मनात आलं असेल तर गडचिरोली आठवा. बाळंतपणानंतर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी तुम्ही ज्या घरभेटी देता, त्या घरोघरी नवजात बाळाच्या काळजीची पद्धत तिथं उभी राहिली. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं 39 गावांत गावच्याच बायकांना शिकवलं. त्या बाळाचं वजन करायच्या, ताप बघायच्या, श्वास मोजायच्या आणि सगळं लिहून ठेवायच्या. तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानानं, 62 टक्क्यांनी कमी झाले. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं आणि पुढं ती पद्धत देशभरातल्या आशांच्या कामात आली. त्या बायकांच्या हाती कागद होता, तुमच्या हाती फोन आहे. पाहायचं बाळ तेच आणि मोजायचे श्वास तेच.

शिकायचं कसं, ते सांगते. मुलगा जूनपर्यंत घरी आहे, त्याचाच उपयोग करा, पण एका अटीवर. त्यानं फोनला हात लावायचा नाही. हात मागे बांधून शेजारी बसायचं आणि नुसतं तोंडानं सांगायचं. घरची मुलं शिकवायला बसली की ‘दे इकडं’ म्हणून फोन ओढून घेतात, दोन सेकंदांत काम करून देतात आणि आई होती तिथंच राहते. तुमचं बोट चुकू द्या. मागे यायचं बटण कुठं आहे ते आधी शिका, मग चुकायची भीती निम्मी होते. नोंद ‘जतन’ किंवा ‘सबमिट’ करेपर्यंत काही बिघडत नाही.

एका वेळी एकच काम धरा. पहिल्यांदा फक्त लॉगिन करणं आणि बाहेर पडणं, ते न बघता जमेपर्यंत. मग तुमच्याकडे ज्या नोंदी सगळ्यात जास्त होतात ती एक, बहुधा गरोदर मातेची किंवा बाळाच्या घरभेटीची. आशा डायरीच्या मागच्या पानांवर तुमच्याच शब्दांत पायऱ्या लिहा आणि बाजूला खुणेचं चित्र काढा. ‘तीन आडव्या रेघा, मग घर, मग हिरवं बटण’, असं चालतं. छापील मार्गदर्शक पुस्तिकेपेक्षा हे पान तुम्हाला जास्त कामी येईल. मराठी लिहायला त्रास होत असेल तर गूगलच्या कीबोर्डवर मराठी भाषा घ्या; माइकच्या खुणेवर बोट ठेवून बोललं की तो लिहितो, त्याला नेट मात्र लागतं. नावं बोलून लिहू नका, तिथं तो हमखास चुकतो. आधारवर जसं नाव आहे तसंच अक्षर अक्षर पाहून भरा. मातृवंदना योजनेचे गरोदर मातांना मिळणारे पैसे अडतात त्यात नावाच्या आणि आधार-बँक जोडणीच्या भानगडी पुष्कळ असतात.

आणि तुमच्या लॉगिनचा नंबर. हे सगळ्यात आधी करा, या आठवड्यात. मुलाचं सिम नागपूरला गेलं की ओटीपीही नागपूरला जाईल, आणि तो वर्गात बसलेला असताना तुम्ही उपकेंद्रात खोळंबून राहाल. गटप्रवर्तकांना किंवा तालुक्याच्या डेटा ऑपरेटरला सांगून तुमचा स्वतःचा नंबर लावून घ्या आणि नवा पासवर्ड तुम्हीच टाका. कव्हरच्या आत चिठ्ठी ठेवू नका.

पोडावर जायच्या दिवशी गावातच, रेंज असताना, ॲप उघडून लॉगिन करून ठेवा. कोणतं ॲप रेंजशिवाय नोंद साठवून ठेवतं आणि कोणतं नाही, हे एकदा मॅडमना स्पष्ट विचारून घ्या, सगळी ॲपं सारखी नसतात. साठवणारं असेल तर तिथंच भरा; परत आल्यावर रेंजमध्ये उभं राहून सिंक करा, म्हणजे साठलेल्या नोंदी वर पाठवा, आणि ‘बाकी’ नोंदींचा आकडा शून्यावर आला की नाही ते डोळ्यांनी पाहा. इथं एक धोका आहे तो नीट ध्यानात ठेवा. फोन हळू चालतो म्हणून कुणी ‘ॲप काढून परत टाक’ किंवा ‘डेटा क्लीअर मार’ म्हणालं, तर सिंक न झालेल्या सगळ्या नोंदी पुसल्या जातात. दुकानदार फोन फॉरमॅट करतो तेव्हाही तेच होतं. जागा कमी पडत असेल तर व्हॉट्सॲपवर आपोआप उतरणारे फोटो-व्हिडिओ बंद करा, बहुतेक जागा तेच खातात. रजिस्टर मात्र सोडू नका. वरून लेखी आदेश येत नाही तोवर कागद हाच तुमचा पुरावा आहे.

ओटीपीचं दुखणं तुम्ही लिहिलं नाही, पण ते तुम्हालाही असणारच. बँकवाले आणि पोलीस लोकांना सांगतात की ओटीपी कुणाला देऊ नका. मग आपली आशाताई आभा किंवा आयुष्मान कार्ड काढायला दारात येते आणि ओटीपी मागते. बाई गोंधळते आणि तिचं चूक नाही. त्यातून आधारला जोडलेला नंबर नवऱ्याचा असतो, तो पुण्याकडं कामाला किंवा दिवसभर वावरात, फोन उचलत नाही. म्हणून या कामासाठी कापूस वेचणीच्या दिवसांत संध्याकाळ धरा. आधी कार्ड कशाचं, त्याचा उपयोग काय ते सांगा. आलेला मेसेज तिनं किंवा तिच्या घरच्यानं आधी वाचावा, मग आकडे सांगावेत. तुम्ही तिच्या फोनमध्ये शोधाशोध करू नका आणि ओटीपी कुठं लिहून ठेवू नका. आभाचा, म्हणजे तिच्या डिजिटल आरोग्य खात्याचा, 14 अंकी नंबर तयार झाला की तिला कागदावर लिहून द्या, तो तिचा आहे. आभा काढणं ऐच्छिक आहे. ती नको म्हणाली म्हणून लसीला किंवा तपासणीला नाही म्हणता येत नाही. आयुष्मान कार्डाला ओटीपी येत नसेल तर बोटाचा ठसा किंवा चेहऱ्याचा पर्याय आहे. आधारला नंबरच जोडलेला नसेल तर पोस्टमनदादाला विचारा, 2021 पासून पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत ते हे काम करतात. गावात फसवणुकीत कुणाचे पैसे गेलेच तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करायला लावा. जितका उशीर तितके पैसे परत मिळणं अवघड.

व्हॉट्सॲपवर ‘नवीन ॲप’ म्हणून एपीके (उघडली की फोनमध्ये थेट ॲप टाकणारी) फाइल आली तर पाठवणाऱ्याला फोन करून खात्री केल्याशिवाय उघडू नका, नाव ओळखीचं असलं तरी. आणि ग्रुपवर रुग्णांच्या याद्यांचे फोटो टाकणं बंद करा. वरून मागितले तरी ज्यांना हवे त्यांना एकट्याला पाठवा, ग्रुपवर नाही.

आता मीटिंग. सगळ्यांसमोर तुमचं नाव घेऊन बोलायला नको होतं, हे मी स्पष्टच म्हणते. गटप्रवर्तकांवरही वीसेक आशांचा भार असतो, त्यांनाही तालुक्यावर आकडे विचारले जातात. म्हणून त्यांना वेगळं गाठा आणि सांगा की मी शिकते आहे, अमुक काम आता माझं मला येतं, आणि अमुक अडलं आहे ते माझ्या हातचं नाही. हे दुसरं सांगायला पुरावा लागतो. ‘ॲप चालत नाही’ म्हटलं की कुणी मनावर घेत नाही. डायरीत एक पान त्यासाठी ठेवा : तारीख, वेळ, कोणतं ॲप, कुठं उभी होते, पडद्यावर काय आलं. पॉवरचं आणि आवाज कमी करायचं बटण एकदम दाबलं की पडद्याचा फोटो निघतो. त्यात पेशंटचं नाव दिसत असेल तर झाकून पाठवा. महिनाभराचं हे पान आणि शेजारच्या गावांतल्या दोघी-तिघींची अशीच पानं एकत्र जोडून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या नावे एक अर्ज करा. मागण्या साध्या ठेवा : रेंज नसलेल्या वस्त्यांच्या नोंदींना उशिराची सवलत, रिचार्ज आणि फोनचा प्रश्न, रजिस्टर आणि ॲप अशा दुहेरी नोंदीतून सुटका, प्रशिक्षण मराठीत आणि ज्याच्या त्याच्या हातात फोन देऊन. कोणत्या कामाचा मोबदला ॲपच्या नोंदीवर अवलंबून आहे, तेही लेखी विचारा. अर्जाची पोच घ्या, शिक्का आणि तारखेसह. तोंडी सांगितलेलं सगळं बदलीसोबत निघून जातं.

यातलं बरंच आशांच्या संघटनांनी याआधीही मांडलेलं आहे. 2021 मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी नीट न चालणारे सरकारी मोबाइल परत केले होते, तेव्हाही बोलायला त्या एकट्या-दुकट्या गेल्या नव्हत्या.

एमएस-सीआयटी करायची हौस असेल तर करा, पण या अडचणीसाठी नको. तो संगणकाचा कोर्स आहे, तुमचं घोडं मोबाइलवर अडलंय. ते पैसे आधी चष्म्याला लावा. त्यापेक्षा तुमच्याच पीएचसीतल्या एखाद्या तरुण आशेशी जोडी करा. तिला ॲप येतं आणि बाळंतिणीच्या घरी काय बोलायचं ते येत नसेल. तिच्यासोबत तुम्ही घरभेटीला जा आणि तिला म्हणा, नोंद मी करते, तू बघ. दोघींचंही काम होईल.

नंबर बदलून झाला की कळवा, आणि अर्जाला तालुक्यावरून उत्तर काय आलं तेही लिहा. इतर जिल्ह्यांतल्या ज्या आशाताईंनी, सिस्टरांनी किंवा अंगणवाडीताईंनी असा अर्ज करून काही पदरात पाडून घेतलं असेल, त्यांनी तो मजकूर पाठवावा. नावगाव काढून मी तो याच सदरात देईन.